‘कष्टांना मखरात बसवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि लेख नीट वाचून लिहिलेली आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. युक्रेनमधल्या व्हिनित्सिया प्रांतातल्या एका खेड्यात १९२६ साली जन्मलेल्या आणि २०१९ साली तिथेच वारलेल्या माझ्या मैत्रिणीच्या आजीवर, जिला वसतिगृहातल्या आम्ही सगळ्याच मुली बाबुस्या म्हणत असू, मी जे लिहिले ते आपल्याला खटकले. कष्ट हाच जणू दागिना असल्यासारखे मी तिचे वर्णन केले, असे आपण म्हणता. सोव्हिएत राजवटीने खेड्यांना शाळा, वीज आणि पेन्शन दिली हे मी सोयीस्करपणे गाळले, असाही आपला आक्षेप आहे. ‘इतक्या हालात कुणी त्र्याण्णव वर्षे जगत नाही,’ हे आपले वाक्य मात्र मला सर्वांत जास्त बोचले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कुणी दीर्घायुषी झाले एवढ्यावरून त्या काळाविषयी काहीही सिद्ध होत नाही. जे गेले त्यांत ही व्यक्ती नव्हती, एवढेच त्यातून कळते. १९३२ च्या शरद ऋतूत बाबुस्याच्या घरी पाच मुले होती. पुढच्या वसंतात त्यांतली धाकटी दोन उरली नाहीत. त्या दोन वर्षांत युक्रेनमध्ये भुकेने मेलेल्यांची संख्या बहुतेक लोकसंख्याशास्त्रज्ञ पस्तीस ते चाळीस लाखांच्या घरात धरतात, आणि हा दुष्काळ पाऊस न पडल्याने आलेला नव्हता. धान्यवसुलीचे आकडे पेलणार नाहीत इतके चढवले गेले, ते न भरणाऱ्या गावांची नावे ‘काळ्या फळ्यां’वर लागली आणि त्या गावांना दुकानातला मालही बंद झाला. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरवा वेचणे म्हणतात ते, सरकारी मालमत्तेची चोरी ठरले आणि त्याला दहा वर्षांची कैद किंवा थेट गोळी अशी शिक्षा ठेवली गेली. २२ जानेवारी १९३३ च्या आदेशाने शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडण्याची वाटही बंद केली. बाबुस्याच्या घरची गाय वसुलीतून वाचली होती, आणि गाय वाचली ती घरे बऱ्याच अंशी वाचली. बाकी आहार नेटल या अंगाला खाज आणणाऱ्या रानटी रोपाचा पाला, लिंडनच्या झाडाची पाने आणि बाभळीसारख्या एका झाडाची फुले, एवढाच. सहा-सात वर्षांच्या मुलीने ते दिवस काढले आणि पुढे ती नव्वदी ओलांडून गेली, यावरून ते दिवस सुसह्य होते असा अर्थ कसा काढता येईल? (तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय ताज्या भाज्यांना आणि अंगमेहनतीला देणाऱ्या वाचकांनाही, एक डॉक्टर म्हणून, माझे हेच उत्तर आहे. तीच भाजी खाऊन आणि तेच काम करून तिच्या कितीतरी सोबतिणी साठीच्या आत गेल्या.)

आता कष्टांविषयी. आपण तिच्या सगळ्या कामाची एकच रास करता आणि म्हणता की ही असहायता आहे, तिचे कौतुक करू नये. मला ती रास एक वाटत नाही. तिच्या आयुष्यात दोन प्रकारची कामे होती, दोन्ही त्याच पाठीने आणि त्याच गुडघ्यांनी केलेली. पण त्यांतले एक तिच्यावर लादलेले होते आणि दुसऱ्यावर तिची मालकी होती.

लादलेले काम साखरबिटाचे. व्हिनित्सिया ज्यात येतो तो पोदिल्या हा सारा भाग साखरेचा, काळ्याभोर मातीचा. बिटाच्या जुन्या वाणाच्या बीजगोळीतून एकाच जागी चार-पाच कोंब फुटत आणि त्यांतला जोमदार तेवढा ठेवून बाकीचे हाताने उपटावे लागत. ही विरळणी मे-जून महिन्यांत होई. बायका गुडघ्यांना गोणपाट बांधून ओळीच्या ओळी रांगत सरकत. बाबुस्याने हे मला एकदा तिच्या अंगणातल्या बिटावर करून दाखवले होते: डाव्या हाताची दोन बोटे ठेवायच्या कोंबाच्या बुडाशी घट्ट दाबून धरायची, म्हणजे शेजारचे उपटताना त्याचे मूळ हलत नाही, आणि मग पुढच्या कोंबापर्यंत वीतभर जागा सोडायची. त्या वेळी तिने ऐंशी ओलांडली होती, तरी बोटे आपोआप चालत होती. या कामासाठी बायकांच्या लहान टोळ्या असत आणि प्रत्येक टोळीला ठरावीक क्षेत्र नेमून दिलेले असे. अशाच एका टोळीच्या मारिया देमचेन्को हिने १९३५ साली हेक्टरी पाचशे सेंटनरहून (एक सेंटनर म्हणजे शंभर किलो) अधिक बीट काढले आणि तिचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत झळकले. आपण ज्या मखराबद्दल बोलता ते मखर तिथे खरोखरच बांधले गेले होते, आणि त्याच्या झगमगाटात बाकीच्या लाखो बायकांचा मोबदला कुणाला दिसला नाही.

तो मोबदला पैशांत नव्हता. दिवसभराच्या कामाबद्दल वहीत एक रेघ ओढली जाई, तिला श्रमदिन म्हणत, आणि वर्षाच्या शेवटी सरकारचा वाटा, बियाणे आणि यंत्रांचे भाडे वजा जाऊन जे उरेल ते त्या रेघांच्या प्रमाणात वाटले जाई. १९४६ च्या अवर्षणानंतर पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा वर्षभराच्या रेघांबद्दल तिच्या वाट्याला पिशवीभरही धान्य आले नाही. नेमून दिलेले किमान श्रमदिन न भरणाऱ्यांना दूरच्या प्रदेशांत हद्दपार करता येईल अशी तरतूद १९४८ साली झाली. ठरावीक मासिक वेतनाची हमी मिळाली ती १९६६ मध्ये, म्हणजे ती चाळिशीत असताना.

दुसरे काम परसातले. प्रत्येक कुटुंबाला घरालगत पाव ते अर्धा हेक्टर जमीन स्वतःसाठी कसू दिली जाई. कोल्होझवरून, म्हणजे सामूहिक शेतावरून, परतल्यावर, अंधार पडेपर्यंत आणि पहाटे उजाडण्याआधी, ती या तुकड्यात असे. बटाटे, कोबी, बीट, कांदा, लसूण, शेपू, एक गाय, एक डुक्कर, कोंबड्या. सत्तरच्या दशकात साऱ्या सोव्हिएत संघातल्या लागवडीखालील जमिनीपैकी असे खाजगी तुकडे जेमतेम तीन टक्के होते आणि शेतीच्या एकूण उत्पादनाचा साधारण चौथा हिस्सा त्यांतून येत होता. तेच हात तीच माती इतक्या निराळ्या रीतीने कसत होते, ही गोष्ट मला त्या राजवटीवरच्या कुठल्याही टीकेपेक्षा बोलकी वाटते. या तुकड्यालाही सरकारने मोकळे सोडले नव्हते. दूध, अंडी, मांस यांची लेव्ही दर घरामागे ठरलेली होती, फळझाडांवर कर होता, आणि तो परवडत नाही म्हणून लोकांनी आपलीच सफरचंदाची झाडे तोडली. बाबुस्यानेही एक तोडले होते. स्तालिनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये कर खाली आले आणि १९५८ पासून घरोघरची लेव्ही उठली. त्या वर्षी लावलेल्या झाडाची सफरचंदे मी खाल्लेली आहेत.

माझ्या लेखात जे कौतुक आहे ते या परसाचे आहे. तिला अभिमान होता तोही याचाच, आणि तो तिच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आपल्या किंवा माझ्या कणवेला नाही. बिटाच्या शेताबद्दल ती बोलताना कंटाळून बोलत असे. तळघरातल्या बटाट्यांच्या राशीकडे बोट दाखवताना तिचा आवाज बदलत असे.

शाळा, वीज आणि पेन्शन यांबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. या गोष्टी आल्या. शाळेमुळे ती लिहायला-वाचायला शिकली आणि तिच्या गावात साठच्या दशकात दिवे लागले. पण पेन्शनचा हिशेब मांडायचाच तर पुरता मांडावा. कोल्होझच्या शेतकऱ्यांना सर्वसाधारण पेन्शन लागू झाली १९६५ पासून, किमान महिना बारा रूबल, जेव्हा शहरातल्या कामगाराची किमान पेन्शन १९५६ च्या कायद्यापासूनच तीस रूबल होती. आणि १९९१ नंतर काय झाले तेही सांगते, म्हणजे माझा रोख एकाच बाजूला आहे असे वाटणार नाही. तिने स्वतःच्या अंत्यविधीसाठी बचत बँकेत जे साठवले होते ते गोठले, १९९३ मध्ये महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर गेली आणि त्या पैशांत शवपेटीचे खिळेसुद्धा आले नसते. कपाटात मात्र गाठोडे तयार होते: नवा डोईचा रुमाल, पोलके, मोजे आणि कोरे मेणबत्तीचे पुडके. ते ती दर वर्षी उन्हात घालून पुन्हा बांधून ठेवी. कोल्होझ मोडल्यावर तिच्या नावावर जमिनीचा वाटा आला, पण कसायला अंगात बळ उरले नव्हते. तो तिने खंडाने दिला आणि खंडापोटी तिला धान्य, तेल आणि साखरेचे एक पोते मिळू लागले. साखर घरी आली ती अशी.

तिच्या थोरल्या बहिणीची गोष्ट लेखात नव्हती. ती इथे प्रस्तुत आहे. १९४२ मध्ये जर्मनांनी तिला मजुरीसाठी उचलून नेले, जसे युक्रेनमधून वीस लाखांहून अधिक माणसांना नेले. परत आल्यावर शत्रूकडे राहिलेली म्हणून तिच्याकडे संशयाने पाहिले गेले. जर्मनीने २००० साली सक्तीच्या मजुरांच्या भरपाईसाठी निधी स्थापन केला, तेव्हा म्हातारपणी तिला त्यातून काही रक्कम मिळाली. बाबुस्याच्या वहीतल्या रेघांची भरपाई करणारे कुणी नव्हते, आणि ती मागायची असते हे तिच्या मनातही आले नाही.

‘आपल्याकडच्या ऊसतोड बायका सोडून युक्रेनची आजी कशाला,’ असेही आपण लिहिले आहे. बीड-अहिल्यानगरकडून (पूर्वीचे अहमदनगर) कारखान्यांवर जाणाऱ्या जोडप्याला मिळून एक कोयता धरतात, उचलही त्या कोयत्यावर मिळते आणि बाईच्या श्रमाची वेगळी नोंद बहुधा होत नाही. बाबुस्याच्या श्रमांची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर होती आणि तरीही पदरात काही पडले नाही. साखरेच्या या दोन पट्ट्यांची तुलना कुणी अभ्यासूने जरूर करावी. मला जी बाई जवळून दिसली तिच्यावर मी लिहिले.

शेवटी आपण विचारता की, पुन्हा जन्म मिळाला असता तर तिने हेच आयुष्य मागितले असते का. हे तिला विचारण्याची मला कधी गरज वाटली नाही, कारण तिचे उत्तर तिच्या वागण्यात होते. कोल्होझच्या शेतकऱ्यांना सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशांतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशात फिरायला लागणारे ओळखपत्र, सरसकट मिळत नसे आणि गाव सोडून शहरात शिकायला जायचे तर अध्यक्षाच्या दाखल्यावाचून पान हलत नसे. आपली मुलगी बिटाच्या टोळीत जाऊ नये म्हणून बाबुस्याने त्या दाखल्यासाठी अध्यक्षांचे उंबरठे झिजवले, अंडी नेली, लोकरी शाल नेली आणि १९७० साली मुलीला व्हिनित्सियाला परिचारिकेच्या शिक्षणासाठी धाडले. त्या मुलीने बिटाच्या शेतात कधी पाय ठेवला नाही आणि बाबुस्याने तो ठेवूही दिला नाही. परसातले बटाटे काढायला मात्र ती परिचारिका दर सप्टेंबरात सुट्टी टाकून गावी येई, आणि तिच्या मुलीसोबत आलेल्या मलाही, पाहुणी म्हणून ओसरीवर बसून राहण्याची मुभा बाबुस्याने कधी दिली नाही.