गिअरबॉक्सचे तेल बदलून मागितले, एवढाच माझा गुन्हा

माझ्या ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्समधले तेल बदलून द्या, एवढीच मागणी घेऊन मी बेळगावातल्या गॅरेजांचे उंबरे झिजवतो आहे, आणि प्रत्येक ठिकाणी माझे डोके ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले जाते. गाडी जुनी आहे, काटा दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे, गिअर अजून विनातक्रार पडतात, आणि ते तसेच पडत राहावेत म्हणूनच मला तेल बदलायचे आहे. परंतु "चालतीया न्हवं गाडी, मग कशाला हात लावतासा ओ?" हे एकच उत्तर मला टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीतही ऐकून झाले आहे. तीन भाषांच्या या मुलखात एवढे एकमत दुसऱ्या कोणत्याही प्रश्नावर झालेले मी पाहिलेले नाही.

अधिकृत म्हणवणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये हेच उत्तर इस्त्रीच्या शर्टात मिळते. तिथला सल्लागार संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून सांगतो की, हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले असून वेळापत्रकात ते बदलण्याची नोंदच नाही. वेळापत्रक मीही वाचले आहे. त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत अवघड वापराचा उल्लेख आहे, आणि घाट, उष्ण हवा, थांबत-थांबत चालणारी वाहतूक ही सगळी लक्षणे तिथे ओळीने दिली आहेत. शिवाय जी कंपनी स्वतः असे गिअरबॉक्स बनवून मोठमोठ्या मोटार कंपन्यांना पुरवते, ती जर्मनीची झेडएफ आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांत, बदलण्याचा सल्ला देते. बनवणारा बदला म्हणतो आणि विकणारा गरज नाही म्हणतो, तेव्हा त्यात कोणाची सोय आहे हे कळायला फार बुद्धी लागत नाही. हमीची मुदत संपल्यानंतर बसलेला गिअरबॉक्स हा विकणाऱ्याचा खर्च नसून त्याचे उत्पन्न असते.

आमच्याकडच्या रस्त्यांना अवघड वापर म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? पणजीहून चोर्ला घाटमार्गे बेळगावला येणारी गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर चढते, आणि तीही एखाद्या लादलेल्या ट्रकच्या मागे रांगत. शहरात आल्यावर रेल्वे गेटपाशी ताटकळणे आहेच. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या जोडणीत, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवणारे माध्यम म्हणजे हेच तेल असते. वेग कमी आणि भार जास्त असला की आतली घसरण वाढते आणि त्या घसरणीची सारी उष्णता तेलात उतरते. हेच तेल क्लचप्लेटांवर दाब आणते, बेअरिंगांना वंगण पुरवते आणि स्वतः तापून ती उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. एवढी कामे करणारे तेल वर्षानुवर्षे भाजून निघते, त्यात प्लेटांची झीज मिसळत जाते, त्याचे गुण उतरतात. इंजिनाचे तेल 10,000 किलोमीटरवर बदलले नाही तर मला दरडावणारा हाच मेकॅनिक त्याच्याशेजारच्या डब्यातले तेल मात्र अमर मानतो!

मग भीतीच्या कथा सुरू होतात. अमक्याने तेल बदलले आणि आठवड्याच्या आत गिअरबॉक्स बसला, ही कथा प्रत्येक गॅरेजात आहे, फक्त गाडीचा रंग बदलतो. त्या अमक्याला तेल बदलण्याची बुद्धी केव्हा झाली, हे कोणी सांगत नाही. डी मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये, टाकल्यावर गाडी उशिरा हलू लागली, गिअर बदलताना इंजिन नुसतेच ओरडू लागले, म्हणजे प्लेटा झिजून गेल्या, तेव्हा तो धावत आला. झिजलेली प्लेट कोणत्याही तेलाने भरून येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि खटला मात्र कायम कावळ्यावर चालतो.

या भीतीत तथ्याचा एक कण आहे, तो मी नाकारत नाही. फार झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम काढले, तर तळाशी बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या प्लेटांकडे वळवणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांमध्ये अडकू शकतो. पण म्हणूनच तर मी यंत्र नको म्हणतो. ड्रेन नट उघडावा, जेवढे तेल आपोआप येईल तेवढे येऊ द्यावे, मोजून तेवढेच नवे भरावे, काहीशे किलोमीटर गाडी चालवावी आणि हेच पुन्हा करावे. एकूण तेल साडेसात लिटर असेल आणि एका वेळी तीन लिटर निघत असेल (बाकीचे टॉर्क कन्व्हर्टर आणि नळ्यांमध्ये राहते), तर पहिल्या खेपेला 40 टक्के, दुसऱ्या खेपेअखेर 64 टक्के आणि तिसऱ्या खेपेअखेर सुमारे 78 टक्के तेल नवे होते. हे गणित सातवीतल्या मुलाला येईल. मेकॅनिकला ते नको असते, कारण त्यात गाडी पुन्हा पुन्हा रॅम्पवर घ्यावी लागते आणि मजुरी किरकोळ मिळते.

नाही म्हणणारे परवडले, असे वाटायला लावतात ते हो म्हणणारे. एकाने कपाटातून पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा उघडा डबा काढला आणि "लाल आहे की ओ साहेब, तेच हे" असे मला ऐकवले. तो लाल रंग गळती कुठून होते ते ओळखता यावे म्हणून घातलेला असतो. रंगावरून तेलाची जात ठरत नाही. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन तीन या गिअरबॉक्सच्या तेलापेक्षा 2005 साली आलेले डेक्सरॉन सहा पातळ आहे, टोयोटाचे डब्ल्यूएस वेगळे, होंडाचे डीडब्ल्यू-1 वेगळे, आणि सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, तर पट्टा आणि पुलीची पकड सांभाळणारे निराळेच तेल लागते. दुसऱ्याने अशा कितीतरी गाड्या केल्याचे छातीठोक सांगितले, आणि खोदून विचारल्यावर त्या सगळ्या एएमटी निघाल्या. 2014 मध्ये मारुतीची एएमटी असलेली सेलेरिओ आल्यापासून क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी आमच्याकडे एकाच जातीची झाली आहे. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असून त्याचा क्लच आणि गिअर यंत्र हलवते, त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो, हे समजावण्यात माझी सकाळ गेली.

आणि पातळी! माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला तेल मोजायची दांडी नाही. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, पी पासून डी पर्यंत सर्व गिअर फिरवून, स्कॅनरवर तेलाचे तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत आल्यावरच लेव्हलचा नट उघडायचा असतो. तेल कमी राहिले तर पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. जास्त झाले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. एक महाशय पुढची चाके जॅकवर उचलून, थंड गाडीत, अंदाजाने तेल ओतायला निघाले होते. चाव्या मी त्यांच्या हातून काढून घेतल्या.

संताप याचा येतो की, हे सारे बेळगावात घडते. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची मापे तिथली पोरे रोज तपासतात, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे शेवटी तेलाच्या दाबावर चालणारे पंप आणि व्हॉल्व्हच असतात. पण रस्ता ओलांडून गॅरेजात आले की, तेलाचे तापमान मोजणे हा श्रीमंतांचा लहरीपणा ठरतो. "कोल्हापूरला जावा, नाहीतर हुबळीला जावा" असे सांगताना यांना किंचितही संकोच वाटत नाही. एका दिशेला शंभरएक किलोमीटर, दुसऱ्या दिशेलाही जवळजवळ तेवढेच, आणि काम काय, तर नट उघडून तेल बदलणे! काही हजारांच्या या कामाला नकार देणारेच लोक अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा लाखाच्या घरातला आकडा मात्र तोंडपाठ ठेवून असतात.

शेवटी एक गॅरेजवाला तयार झाला, पण जॉब कार्डवर "मालकाच्या जबाबदारीवर" असे लिहून सही मागू लागला. मी सही करायला तयार झालो. त्याच्याखाली तेलाचे नाव, काढलेले आणि भरलेले लिटर, आणि पातळी तपासतानाचे तापमान, एवढे तुम्ही लिहून सही करा, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने ते कार्ड फाडले आणि पुढच्या गाडीला हाक मारली. योग्य तेलाचे सीलबंद डबे आणि नव्या पॅकिंगचा संच मी स्वतः विकत आणून घरी ठेवला आहे; स्कॅनर आणि सपाट रॅम्प असलेला, कागदावर सही करायला न घाबरणारा माणूस बेळगाव, खानापूर, हुक्केरी किंवा चिकोडी तालुक्यात कोठेही असेल, तर त्याने मागेल ती मजुरी सांगावी.