‘एलएसडी बसवा, पावसात गाडी घसरायचं नाव घेणार नाही’ : फिरत्या मेसेजला उत्तर

मृग लागला की हा मेसेज कोकणात पुन्हा उगवतो. यंदा एकाच आठवड्यात तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक चिपळूणचा माझा मावसभाऊ. त्याच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे आणि पठ्ठ्याने पैसे बाजूला काढायलाही सुरुवात केली आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवा. पावसात घसरणार नाही, घाटात वळणाला चिकटून राहील, पुळणीत रुतणार नाही. एलएसडी कुठलाही चालतो, जितका घट्ट तितका भारी. बजेट नसेल तर डिफला वेल्डिंग मारा, काम तेच. तेल आपलं नेहमीचं नव्वद नंबर.

डिफरन्शियल, म्हणजे डिफ, हा मागच्या दोन चाकांमधला गिअरांचा संच. वळणात तो बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देतो. लिमिटेड-स्लिप, म्हणजे एलएसडी, त्या मोकळेपणाला लगाम घालतो. एलएसडी वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या जीपला आहे. दोनदा बसवलाय, कारण पहिल्यांदा मीही असलंच काहीतरी ऐकून बसवला होता.

‘पावसात घसरणार नाही.’

इथूनच घोळ सुरू होतो. एलएसडी रस्त्यावर पकड निर्माण करत नाही. आहे ती पकड दोन चाकांत कशी वापरायची, एवढंच तो ठरवतो. साधा डिफ दोन्ही चाकांना फिरायला कायम सारखाच जोर (टॉर्क) देतो. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असं आपण म्हणतो खरं, पण होतं ते वेगळंच. घसरणारं चाक जेवढा जोर पेलतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, आणि तेवढ्यात गाडी हलत नाही.

आमच्या घराकडे येणारी घाटी जांभ्याची आहे. डाव्या हाताला चिऱ्यांचा गडगा, आणि उतार त्या बाजूला कललेला. श्रावणात तिच्यावर शेवाळ असं धरतं की चपला हातात घेऊन चढावं लागतं. माझ्या जीपला तेव्हा क्लच-प्लेटवाला, म्हणजे एकमेकींवर दाबणाऱ्या चकत्यांचा, एलएसडी होता, गॅरेजवाल्याने चांगला आवळून दिलेला. पहिला गिअर टाकून निम्म्यात आलो आणि मागची दोन्ही चाकं एकदम फिरायला लागली. गाडी पुढे तर जाईनाच, उलट तिचा मागचा भाग शांतपणे, सावकाश डावीकडे सरकला आणि गडग्याला टेकला. मडगार्डचा निळा रंग त्या चिऱ्यावर अजून आहे.

साधा डिफ असता तर एक चाक जागच्या जागी गरगरलं असतं आणि मी तिथेच अडकून राहिलो असतो. लाज गेली असती, मडगार्ड राहिलं असतं. कारण न फिरणारं चाक गाडीला आडवं धरून ठेवतं. टायरजवळ पकडीचा साठा एकच असतो. तो पुढे ढकलण्यात संपला की आडवं धरायला काही उरत नाही. साधा डिफ एका चाकाचा साठा उधळतो, घट्ट एलएसडी दोन्हींचा. म्हणून सगळीकडे सारखाच बुळबुळीत आणि एका अंगाला कललेला रस्ता असेल, तर एलएसडीवाली गाडी साध्या गाडीपेक्षा जास्त वाईट वागते. ब्रेक मारताना तर त्याच्याकडून मदतीची अपेक्षाच नको. आणि या जुन्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय, नसतं, हे वेगळं सांगायला नको.

मग त्याचा उपयोग कुठे? एक चाक धड जागी आणि दुसरं वाईट जागी असेल तिथे. धोपावे–दाभोळ फेरीसाठी गाडी उतरवताना जेट्टीचा उतार बघा. सुकतीला खालचा भाग उघडा पडतो, एका कडेला शेवाळ, दुसऱ्या कडेला बऱ्यापैकी कोरडं काँक्रीट. आता पद्मिनीच्या आकाराची गाडी माणसांसकट ११०० किलो धरू, चढ सहा फुटांना एक फूट. वर यायला मागच्या दोन चाकांवर मिळून साधारण ५१५ न्यूटन-मीटर जोर हवा. शेवाळावरचं चाक ११७ च्या वर पेलत नाही असं समजा. साध्या डिफमध्ये दुसऱ्यालाही ११७ च. बेरीज २३४. गाडी जागेवर.

गिअरवाला, म्हणजे हेलिकल एलएसडी असेल आणि त्याचं जोर वाटायचं प्रमाण एकास तीन असेल, तर चांगल्या चाकाला ३५१ मिळतात. बेरीज ४६८. खूपच सुधारलं, पण चढ अजून बाकी आहे! आता हँडब्रेक हलकेच दोन दाते ओढा, दोन्ही चाकांवर प्रत्येकी ३० चा अडसर येईल इतकाच. घसरणाऱ्या बाजूच्या शाफ्टवर, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर, ११७ अधिक ३०, म्हणजे १४७ होतात. त्याची तिप्पट ४४१. त्यातले ३० ब्रेक खातो, जमिनीवर ४११ उतरतात. ४११ आणि ११७ मिळून ५२८. गाडी वर.

ब्रेक लावल्यावर गाडी चढते हे ऐकून आमच्या वाडीतले लोक मला हसले होते. पण गणित हे असं आहे. आणि दोन्ही चाकं शेवाळावर असतील तर हेच गणित करून बघा: एलएसडी असो वा नसो, २३४ च.

यात एक मेख आहे. विलीजच्या घराण्यातल्या कितीतरी जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतोच, मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडून डिफकडे जाणाऱ्या दांड्यावर, असतो. तो ओढून वरच्या हिशोबातलं काहीच घडत नाही, इंजिनाला ओझं तेवढं वाढतं. अशा गाडीत डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबायचा, आणि पुढची चाकंही त्याने अडतात हे लक्षात ठेवायचं.

‘घाटात वळणाला चिकटून राहील.’

डिफ मुळात कशासाठी असतो ते मेसेज लिहिणारा विसरला. मागच्या दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असेल तर अर्ध्या फेरीच्या वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त धावतं. वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच. आंबोलीत किंवा कुंभार्लीत असली वळणं मोजत बसलात तर मोजदाद चुकेल. प्रत्येक वळणाला ते चार मीटर कुठेतरी जिरायला हवेत. घट्ट एलएसडी ते सहजी जिरू देत नाही. मागून कटकट आवाज येतो, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ बघते आणि स्टिअरिंग जड होतं. मग वळणाच्या मध्यावर रेस दिली की ओल्या रस्त्यावर मागचा भाग बाहेर. कोरड्या ट्रॅकवर, नव्या टायरवर, कसलेल्या हाताला हे आवडतं. एसटी समोरून येत असताना, धुक्यात, आवडणार नाही.

‘पुळणीत रुतणार नाही.’

रुतते. कोरड्या वाळूत दोन्ही चाकांखाली सारखीच भुसभुशीत जमीन असते. एलएसडीमुळे एकाऐवजी दोन खड्डे पडतात, इतकंच. वाळूत कामाला येते ती टायरमधली कमी केलेली हवा. खरं तर गाडी किनाऱ्यावर न्यावीच कशाला? वेळास-आंजर्ल्याकडे कासवं अंडी घालतात त्या वाळूत जीप नाचवणाऱ्यांविषयी माझं मत छापण्यासारखं नाही. डिफच्या दृष्टीनेही ते वाईटच. डिफचं गरम हौसिंग (बाहेरचं कवच) खाऱ्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर समजा, पाणी शिरलंय. प्लेटवाल्या एलएसडीत ते अधिकच महागात पडतं.

‘कुठलाही चालतो, जितका घट्ट तितका भारी.’

सगळ्यात जास्त पैसे या वाक्यापायी जातात.

क्लच-प्लेटवाल्यात दोन गोष्टी विचारायच्या. पहिली प्रीलोड, म्हणजे गाडी उभी असतानाच प्लेटा किती आवळलेल्या आहेत. दुसरी, तो कधी आवळतो. वन-वे फक्त रेस दिल्यावर आवळतो. टू-वे रेस सोडल्यावरही तितकाच. दीड-वे मधला, रेस सोडल्यावर कमी आवळणारा. आपण घाट उतरताना इंजिनावर गाडी रोखतो, म्हणजे रेस सोडलेलीच असते. तिथे टू-वे गाडीला सरळ ढकलत राहतो. माझा टू-वे होता. विकणाऱ्याने ते कौतुकाने सांगितलं होतं आणि मीही मान डोलावली होती. प्लेटा झिजतात, त्या पुन्हा भरायला खोलकाम आलं, आणि झिजलेला एलएसडी हळूहळू साधा डिफ होऊन बसतो. त्यामुळे जुना वापरलेला नग घेताना बाहेरून काही कळत नाही. एक चाक जमिनीवर, एक जॅकवर, गिअर न्यूट्रल, आणि उचललेलं चाक टॉर्क-पान्याने फिरवून बघायचं. सहज फिरलं तर प्लेटा गेल्या.

हेलिकलमध्ये प्लेटा नाहीत, गिअर एकमेकांवर आणि केसवर (त्यांना धरणाऱ्या घरावर) दाबले जातात. वळणात गुपचूप असतो, जोर पडल्यावरच जागा होतो, झीज नगण्य. त्याचं वैगुण्य एकच: तो गुणाकार करतो. एक चाक पार हवेत लटकलं तर तिथला जोर शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवरच्या आखडलेल्या जुन्या गाड्यांत हे चर ओलांडताना होतं. तेव्हा पुन्हा तोच ब्रेकचा उपाय. रोज डांबर, अधूनमधून चिखलाची साइडपट्टी, आठवड्यातून एकदा घाट, असं ज्याचं आयुष्य आहे त्याने हाच घ्यावा. माझ्या जीपला आता हाच आहे.

व्हिस्कस जातीत सिलिकॉनचं दाट द्रव असतं. मऊ चालतो, पण उशिरा जागा होतो आणि म्हातारपणी ढिला पडतो. जुन्या गाडीला जुना व्हिस्कस म्हणजे दोन म्हातारे एकमेकांच्या आधाराने.

आणि एक घोटाळा नावाचा. २०१५ च्या थारला आणि नंतर बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला ईटन कंपनीचा जो डिफ आला त्याला सगळे एलएसडी म्हणतात. तो आपोआप लॉक होणारा डिफ आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की खटकन पूर्ण लॉक होतो, तोही ताशी तीसेक किलोमीटरच्या आतच. त्यावर गाडी गेली की तो मध्ये पडत नाही. बागेत, शेतात, चिखलाच्या पाणंदीत उत्तम. घाटातल्या वळणावर त्याच्याकडून काही मिळायचं नाही, आणि त्रासही नाही.

जात ठरली तरी नग बसला पाहिजे. ॲक्सल कुठला ते बघा, शाफ्टचे दाते मोजा, क्राऊन-पिनियनचे (डिफमधला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) दाते मोजा. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ असतील तर रेशो ५.३८. हे का सांगतोय? जीपांना येणाऱ्या डाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंतच्या रेशोला एक केस लागते आणि ३.९२ पासून पुढे दुसरी. चुकीची मागवलीत तर क्राऊन पिनियनला भिडतच नाही. पद्मिनीसारख्या गाडीला तर मुळात तयार नग शोधणं हीच पहिली पायरी.

‘वेल्डिंग मारा, काम तेच.’

काम तेच नाही. वर सांगितलेले चार मीटर आता टायर घासून किंवा शाफ्ट पिळूनच जिरणार. ज्या गाड्यांत चाकाचा भार थेट शाफ्टवर असतो तिथे शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. वेल्डिंगने गिअरच्या पोलादाचं पाणी, म्हणजे टणकपणा, उतरतं, आणि सुटलेला एक तुकडा क्राऊनमध्ये गेला तर पुढचं सांगायला नको. शेतात फिरवायच्या डबड्याला मारा हवं तर.

‘तेल नेहमीचं नव्वद नंबर.’

हेलिकलला बहुतेक वेळा चालतं, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं असेल तर. प्लेटवाल्याला नाही. त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण आवाक्यात ठेवणारं रसायन) मिसळलेलं तेल लागतं, नाहीतर प्लेटा घसरत-पकडत राहतात आणि प्रत्येक वळणाला मागे कुणीतरी दात खात बसल्यासारखा आवाज येतो. दुसरी सवय आपल्याकडची: एकच डबा फोडायचा, अर्धा डिफला, अर्धा गिअरबॉक्सला. डिफचं जीएल-५ प्रतीचं तेल जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना मानवेलच असं नाही. पुस्तिकेत जीएल-४ म्हटलं असेल तर वेगळा डबा आणा.

एलएसडी बसवलेल्यांसाठी एक गोष्ट, जी मेसेजमध्ये यायला हवी होती. एक चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. साध्या डिफमध्ये वरचं चाक नुसतं फिरतं. एलएसडीत खालचंही फिरू शकतं, आणि गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं आणि मागच्या टायरचा फोटो मागवला. नक्षी बरी होती. कडेवर तारखेचे चार आकडे होते, २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. त्याला आधी टायर घ्यायला सांगितलंय. डिफचं दिवाळीनंतर बघू.