‘जळालेलं घर पाहिलंय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘परखड’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस (ताई की दादा ते टोपणनावावरून कळत नाही, म्हणून नुसतंच परखड),

फाशीच्या खटल्यांतल्या फसव्या फॉरेन्सिक पुराव्यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही रात्री पावणेदोनला लिहिलेली प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली. दोन्ही वेळा झोंबली.

आधी तुमचं देणं चुकतं करतो. घराला आग लावून स्वतःच्या मुलींना मारल्याच्या आरोपावरून कॅमरन टॉड विलिंगहॅमला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मृत्युदंड दिला तो 17 फेब्रुवारी 2004 रोजी. मी 2005 लिहिलं होतं. चूक माझी. लेखात वर्ष बदललं आहे आणि तळाशी तुमचे आभारही मानलेत. पण तेवढ्या एका आकड्यावरून ‘लेखकाचा अभ्यास किती ते कळलं’ हे जरा जास्तच झालं. तारीख चुकली म्हणून माणूस जिवंत होत नाही.

तुमचे मुद्दे चार-पाच आहेत, पण मी अडकलो एका वाक्यापाशी: ‘खुर्चीत बसून तपास अधिकाऱ्यांना अक्कल शिकवणाऱ्या या उपटसुंभाने आयुष्यात एक तरी जळालेलं घर पाहिलं असेल का?’

पाहिलंय. आमचंच.

सातवीत होतो. आग पहाटे लागली. कुणाचा जीव गेला नाही, पण मधली खोली पार गेली. उजाडल्यावर आत शिरलो तर खिडकीची एक काच चौकटीत तशीच उभी होती आणि तिच्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं पडलं होतं. बोट लावलं तशी कचकन खाली आली. फरशीवर काळा डाग होता, पाणी सांडून पसरावं तसा, कडा वेड्यावाकड्या. पाहणीला आलेला माणूस त्या डागाशी उकिडवा बसला, वाकून हुंगला आणि म्हणाला, “रॉकेल ओतलंय. काच बघा की.” झालं. तेव्हा वडिलांचा आणि धाकट्या काकांचा वाटणीवरून वाद चालू होता. प्रकरण कोर्टात गेलं नाही, पण घरात निकाल लागला. काकांनी पुन्हा आमचा उंबरा ओलांडला नाही. वडील गेले तेव्हाही ते फाटकापाशीच उभे होते.

पुढे कितीतरी वर्षांनी विलिंगहॅमचा खटला वाचायला घेतला, तर तीच काच, तोच डाग. डिसेंबर 1991 मध्ये कॉर्सिकाना गावातलं त्याचं घर जळालं, तीन लहान मुली त्यात गेल्या. तपासनीसांनी मुद्दाम लावलेल्या आगीच्या वीसेक खुणा काढून दाखवल्या. काचेवर जाळं, म्हणजे आग एकदम भडकली, म्हणजे काहीतरी ओतलंय. फरशीवर डबक्यासारखे डाग, म्हणजे ओतलंच आहे. हे ज्ञान जुन्या तपासनीसांकडून नव्यांकडे तोंडी आलेलं होतं. कुणी करून बघितलं नव्हतं.

करून बघितलं तेव्हा काय झालं ते ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगरांवर वणव्याने घरंच्या घरं जाळली. नंतर त्यातली 50 घरं तपासली, तर डझनभर घरांत अशीच जाळीदार काच. तिथे काय कुणी दारोदार कॅन घेऊन फिरलं होतं? प्रयोगशाळेत काच झटकन तापवून पाहिली, जाळं पडेना. तापलेल्या काचेवर पाणी शिंपडलं, पडलं! म्हणजे जाळं बंबाच्या पाण्याचं. आमच्या काचेवर शेजाऱ्यांनी बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या, मीही एक नेली होती.

आणि डाग? बंद खोलीत छताखाली साठलेला धूर आणि वायू इतका तापतो की एका क्षणी सगळी खोलीच पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर फरशी जळते आणि थेंबभर तेल नसतानाही ओतल्यासारखे डाग उमटतात. 1990 मध्ये फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला एका बापावर असाच आरोप होता. सरकारी पक्षाने शेजारचं तसंच घर सजवून नुसता सोफा पेटवला. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर. आरोप मागे घेतले. विलिंगहॅमच्या नशिबी हा सोफा आला नाही. शिक्षेच्या काही दिवस आधी आगींचे अभ्यासक डॉ. जेराल्ड हर्स्ट यांनी त्या खुणा टिकत नाहीत असा अहवाल दिला, तो गव्हर्नरच्या कार्यालयात पोचलाही. विषाची सुई टोचायची ती टोचलीच.

तुम्ही म्हणाल, काकांचा आणि फाशीचा काय संबंध? संबंध त्या हुंगणाऱ्या माणसाचा आहे. तो लबाड नव्हता. त्याला पक्की खात्री होती, आणि ती ऐकताना आम्हालाही झाली. साक्षीच्या पिंजऱ्यात हीच खात्री उभी राहते. मी अधिकाऱ्यांना ‘भ्रष्ट’ कुठे म्हटलंय ते दाखवा. लेखात तो शब्दच नाही, तुमच्या प्रतिक्रियेत मात्र तीनदा आहे.

‘एखाद-दुसऱ्या चुकीचं भांडवल’ म्हणता. एफबीआयने 2015 मध्ये स्वतःच्याच माणसांच्या साक्षी चाळल्या, सूक्ष्मदर्शकाखाली केसाशी केस जुळवण्याच्या. आरोपीच्या विरोधात गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257 मध्ये साक्ष सदोष. फाशीच्या 35 खटल्यांपैकी 33 मध्ये. त्यातल्या नऊ जणांना तोवर मृत्युदंड दिलाही होता. हे सगळे निर्दोष होते असं मी म्हणालो नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. पण 268 पैकी 257 ही तुमच्याकडे एखाद-दुसरी असेल तर तुमचा हिशेब तुम्हाला लखलाभ.

बाकीचं थोडक्यात. ‘डीएनए हेही फॉरेन्सिकच, त्यानेच निर्दोष सुटले.’ सुटले. अ‍ॅरिझोनातल्या रे क्रोनला दातांच्या ठशावरून फाशी सुनावली होती, 2002 मध्ये डीएनएने सोडवला. मग? तो विषय वेगळा आहे, कधीतरी लिहीन. ‘परदेशी उदाहरणं कशाला?’ घ्या देशी: जुलै 2025 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या फाशीच्या एका कैद्याला सोडलं आणि डीएनएचे नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोचलेच पाहिजेत असं देशभरच्या पोलिसांना बजावलं. म्हणजे तोवर कसे पोचत होते ते तुम्हीच बघा. पीडितांच्या घरच्यांचं काय, या प्रश्नात मला इथे पडायचं नाही. आणि ‘असल्या लेखांचे पैसे मिळतात’ असं जे लिहिलंय, तर कोण देतं ते मलाही कळवा.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, ‘उपटसुंभ’सकट ठेवली आहे. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहिलंत तर बोलायला बरं पडेल. आणि ‘फॉरेन्सिक’मधला ‘सि’ ऱ्हस्व. तुम्ही चारही ठिकाणी दीर्घ लिहिलाय. तारखा इतक्या बारकाईने बघता, म्हणून सांगितलं.