स्क्रिप्ट अशी लिहा की रविवारीही बोलावणं तुम्हालाच येईल

मे महिना, पारा ४५ च्या वर आणि आयटी पार्कातल्या ऑफिसात ६० मशीनवर सॉफ्टवेअर टाकायचं काम. खरं तर पेनड्राइव्ह खिशात घालून ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत हिंडणं सगळ्यात बरं. चार दिवस फुकटचा एसी, कूलरमध्ये पाणी भरायची कटकट नाही. पण साहेबांना ‘ऑटोमेशन’ हा शब्द कुठं तरी सापडलाच आणि सगळं आपोआप टाकणारी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची यादी असलेली फाइल, मागितलीच, तर घाबरू नका.

स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहा आणि तशीच उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, न्या. ओळ संपवताना विंडोज एक जास्तीचं अदृश्य अक्षर ठेवतं. पहिल्याच ओळीत स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘बॅश’ या प्रोग्रामचं नाव असतं, त्याला ते शेपूट चिकटतं, शेपटीवाला बॅश मशीनवर नसतो, आणि लिनक्स सांगतं: अशी फाइल नाही. फाइल तर डोळ्यांसमोर! तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा संपेस्तोवर सगळे परमिशन तपासत बसतात. ‘डॉसटूयुनिक्स’ ही कमांड क्षणात शेपूट कापते. म्हणूनच ती कोणाला सांगायची नाही.

उबंटूत सॉफ्टवेअर टाकणाऱ्या ‘ॲप्ट-गेट’ कमांडपुढे ‘हायफन वाय’, म्हणजे ‘सगळ्याला होय’, लावू नका. साठही मशीन ‘होय की नाही’ विचारत रात्रभर ताटकळतील. कोणी शहाण्यानं ते लावलंच, तरी कोऱ्या कंटेनरात (मशीनच्या आतलं छोटं वेगळं लिनक्स) टाइमझोनचं पॅकेज खंड कोणता म्हणून अडून बसतं. (झिरो माइलवाल्यांना पत्ता विचारतंय!) त्यावर ‘डेबियन फ्रंटएंड’ हे व्हेरिएबल (सेटिंगच म्हणा) ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’, म्हणजे ‘प्रश्न विचारू नको’, असं करावं लागतं. ते खुशाल वरच्या ओळीत एक्सपोर्ट करा आणि खाली ॲडमिनचे अधिकार देणारा ‘सुडो’ लावा. सुडो बहुतेक व्हेरिएबलं दारातच काढून ठेवतो.

वेब सर्व्हरचं पॅकेज उबंटूत ‘अपाची२’, रेड हॅट या दुसऱ्या लिनक्समध्ये ‘एचटीटीपीडी’. कोणती सिस्टिम आहे ते ‘ओएस-रिलीज’ फाइलीत लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण? मॅकवर सॉफ्टवेअर टाकणाऱ्या होमब्रूला सुडोनं चालवा, ते सरळ नकार देतं. त्याचा पत्ता ‘यूएसआर-लोकल’ फोल्डर असा ठोकून टाका. ॲपलच्या चिपवर होमब्रू ‘ऑप्ट’खाली राहतं. शिवाय मॅकसोबत येणारा बॅश अजून ३.२ च आहे, २००६ सालच्या वळणाचा. असोसिएटिव्ह ॲरे (नावानं शोधता येणाऱ्या याद्या) वापरले की तिथंच आडवा.

खरी मजा विंडोजवर. पॉवरशेल या कमांड-खिडकीतून ‘एमएसआयएक्सेक’ हा इन्स्टॉलर नुसता सोडला तर ते संपायची वाट न पाहता स्क्रिप्ट पुढं पळते. दुसरं इन्स्टॉलेशन पहिल्याला धडकतं आणि १६१८ कोड मिळतो, म्हणजे आधीचं काम चालू आहे. ‘स्टार्ट-प्रोसेस’ला ‘वेट’ लावलं की भानगड मिटते, म्हणून ते लावू नका. ३०१० कोडचा अर्थ काम झालं, फक्त रीस्टार्ट करा. तुम्ही मात्र शून्य सोडून जे येईल ते फेल धरा आणि झालेलं इन्स्टॉलेशन पुन्हा पुन्हा करत राहा. ‘पाथ’, म्हणजे विंडोज प्रोग्राम कुठं कुठं शोधतं त्या फोल्डरांची यादी, वाढवायला ‘सेटएक्स’ कमांड वापरा. १०२४ अक्षरांपुढचं ते नुसता एक इशारा पुटपुटून छाटतं. मग काल चालणारा जावा आज काहून सापडत नाही, यावर अख्खी मीटिंग होते.

सॉफ्टवेअर आधीच आहे का, हे तपासू नका. दर खेपेला ‘बॅशआरसी’त (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) तीच ओळ जोडत जा. व्हर्जन पक्कं करू नका, म्हणजे सोमवारची मशीनं आणि गुरुवारची मशीनं एकमेकांना ओळखणार नाहीत. लॉग, म्हणजे काय झालं-बिघडलं त्याची नोंद, तर ‘डेव्ह-नल’ या लिनक्सच्या अथांग कचरापेटीतच ओता.

रविवारी सावजीचं ताट समोर आलं की फोन वाजेल. पहिल्यांदा उचलू नका. दुसऱ्यांदा उचलून एवढंच म्हणा, ‘‘येतो ना भाऊ, हात नका लावू स्क्रिप्टला.’’