आत्याचा गॅस 'आहे'

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं. 'देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचली, आता तरी रडगाणं बंद करा.' खाली धडाधड अंगठे. अंगठा देणाऱ्यांतल्या एकाने परवाच लिफ्ट वीस मिनिटं बंद होती म्हणून चेअरमनला झोपेतून उठवलं होतं.

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो, आष्टी तालुक्यात. टॅब घेऊन एक मुलगी सर्व्हेला आली. "आजी, गॅस आहे?" "हाय की." "लाईट?" "ती बी हाय." दोन टिचक्या मारल्या, झालं.

टाकी कोपऱ्यात होती, खोटं नाही. आत्याने तिला जुन्या परकराचं कव्हर शिवलंय आणि वर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवलीय. कुंडी हलली की समजायचं, घरात पाहुणा आलाय. माझ्यासाठी हलली, चहापुरती. भाकरी चुलीवरच, पऱ्हाट्या घालून. ती मुलगी खोकत होती, डोळे पुसत होती. टॅबात धुराला रकाना नव्हता.

आपल्याकडे मोजायची रीतच अशी. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरचं लेइसांग जोडलं गेलं आणि देशातली सगळी गावं 'झाली'. झाली म्हणजे काय, तर गावात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, शाळा-पंचायतीत वीज, आणि शंभरातल्या दहा घरांत. दहा! बाकीच्या नव्वदांनी काय त्या दहांच्या ओट्यावर जाऊन बसायचं?

बरं, सरकारच्या 'सौभाग्य' योजनेतून घरोघरी मीटर गेले. माझ्या लहानपणी आत्याकडे चिमणीच होती. श्रेय द्यायला हवं, दिलं.

पण भिंतीवर मीटर लागला म्हणजे वीज आली का? संध्याकाळी सातनंतर तिच्या पंख्याची पाती मोजता येतात. डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधार, वर वर्गणी काढा. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? वर्ल्ड बँकेचं मी एरवी कौतुक करत नाही, पण त्यांनी २०१५ मध्ये 'आहे की नाही' सोडून शून्य ते पाच पायऱ्या केल्या. किती तास, संध्याकाळी किती, व्होल्टेज कसं, परवडते का. सगळ्यात वरच्या पायरीला दिवसाचे किमान २३ तास. आत्या कुठल्या पायरीवर बसते ते तुम्हीच सांगा.

ती मुलगी गेल्यावर मी आत्यावरच चिडलो. "चुलीवर करतेस हे सांगायचं ना!" ती तवा उतरवत म्हणाली, "न्हाई म्हनलं आन् टाकी उचलून नेली म्हंजे?"

यावर मला काही बोलता आलं नाही. टाकी भरायची तर तिची तीन-चार दिवसांची खुरपणी जाते, आणि तरी ती टाकी तिला हवीय. पाहुण्यासाठी. पावसात सरपण भिजलं तर त्यासाठी.

हे लिहिता लिहिता मध्येच तिला फोन लावला. म्हटलं, लाईट आहे का?

"आलीया की. पर गिरनी उचलंना. दळन तिथंच ठिवून आले."