रुग्णाला ग्रीन टीचा आग्रह करू नका

‘ग्रीन टी कर्करोगाच्या पेशी नष्ट करतो’ हा संदेश आज सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा आला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, तेव्हा लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या मावशीला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग, झाला होता. तिची बोर्टेझोमिब या कर्करोगावरील औषधाची इंजेक्शने सुरू असताना एका नातेवाइकाने ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तिच्या उशाशी आणून ठेवल्या, कारण त्या ‘नैसर्गिक’ होत्या आणि त्यामुळे अपाय होणे शक्यच नव्हते!

ग्रीन टीमधील ईजीसीजी हे कॅटेचिन (चहाच्या पानांतले एक नैसर्गिक रसायन) प्रयोगशाळेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींना मरणाच्या वाटेला लावते, हे खरे आहे; नाकारत नाही. परंतु बशीत वापरलेले प्रमाण बहुधा काही कप चहानंतर रक्तात सापडणाऱ्या प्रमाणाच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असते, कारण पोटात गेलेल्या ईजीसीजीचा फारच थोडा अंश रक्तापर्यंत पोहोचतो.

अर्काच्या गोळ्यांत मात्र ते एकवटलेले असते, आणि मावशीच्या बाबतीत धोका नेमका तिथेच होता. बोर्टेझोमिबच्या रेणूतील बोरॉनयुक्त भागाला ईजीसीजी चिकटते आणि औषध निकामी करते, असे २००९ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले गेले. डॉक्टरांनी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली आणि गोळ्या त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. पुढे तिचे रिपोर्ट बिघडले, तेव्हा तेच नातेवाईक तिच्यासमोर म्हणाले, “गोळ्या सोडायला नको होत्या.” मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बाईने “माझंच चुकलं का गं?” असे विचारावे, याचा संताप आजही शमलेला नाही.

त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे कळते. रुग्णाला भेटताना रिकाम्या हाताने जाणे जड जाते आणि काहीतरी केल्याचे समाधान हवे असते. तसे असेल तर तिच्यासोबत रात्री दवाखान्यात राहा, डबा पोहोचवा. गोळ्या आणायच्याच असतील तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

काका, तुम्ही ही पोस्ट वाचाल हे मला ठाऊक आहे. तो संदेश कृपया आजच काढून टाका. त्याच गटात सध्या केमो घेत असलेली आपली वहिनीसुद्धा आहे.