फूटस्टेप मिसिंग

माझ्या छंदाला कुणी 'खेळणी' म्हटलं की मला हल्ली राग येत नाही. कातडी निबर झाली आहे. गेल्या रविवारी आलेला राग मात्र अजून पुरता उतरलेला नाही, कारण तो माणूस माझ्या मालडब्याला खेळणं समजायला तयारच होईना.

थोडक्यात सांगतो. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि बेसमेंटमध्ये बसून वाफेच्या इंजिनांच्या काळातले अमेरिकन मालडबे बनवतो. एचओ स्केलमध्ये, म्हणजे मूळ मापाच्या 87व्या हिश्शात. 40 फुटी डबा 14 सेंटिमीटरचा होतो. वर घरात कोणतंही साल चालू असो, माझ्या बेसमेंटमध्ये कायम 1953चा ऑक्टोबर असतो, कारण पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर तेव्हा वाफेची इंजिनं अजून धावत होती आणि पानगळीची झाडं मला बरी जमतात. एवढी माहिती पुरे. बायकोच्या मते हीसुद्धा जास्तच झाली.

शेजारच्या मित्राचे वडील सहा महिन्यांसाठी आलेत. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. अप्पा भुसावळला टीएक्सआर होते. टीएक्सआर म्हणजे ट्रेन एक्झामिनर. यार्डात मालगाडी लागली की हातोडी, बॅटरी आणि खडू घेऊन एकेका वाघिणीपाशी, म्हणजे मालडब्यापाशी, जायचं, खालून-वरून बघायचं, ठोकायचं, आणि जिच्यात खोट निघेल तिच्यावर 'सिक' लिहून तिला सिक लाइनला काढायला लावायचं. भुसावळच्या 45 डिग्रीत हे त्यांनी नोकरीभर केलं. इथे आल्यापासून तपासायला काही नाही. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मुलाच्या डिशवॉशरच्या रॅकची चाकं गेजमध्ये नसल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या आठवड्यात मित्राने "अप्पा, याला ट्रेनचं वेड आहे" असं सांगून त्यांना माझ्या दारात सोडलं आणि स्वतः कॉस्टकोला निघून गेला. अडीच तास!

मी खूश होतो, हे नोंदवून ठेवतो. बेसमेंटच्या पायऱ्या उतरून आपणहोऊन कुणी आलं, ही गोष्ट आमच्या घरात सणासारखी आहे. मी त्यांच्या हातात माझा सगळ्यात चांगला डबा ठेवला.

"हा पेनसिल्व्हेनियाचा एक्स 29, अप्पा. बंद डबा. 1924पासून दहा वर्षांत असे जवळजवळ तीस हजार बांधले त्यांनी."

अप्पांनी फळीवरच्या रांगेकडे नजर टाकली. "आणि सगळे तुझ्याकडे?"

याला शास्त्रीय उत्तर आहे. अमेरिकेत बंद डबे एकाच कंपनीच्या रुळांवर बसून राहत नसत, माल मिळेल तिकडे देशभर भटकत. त्यामुळे कुठल्याही मालगाडीत कुठल्या कंपनीचे किती डबे दिसतील, ते त्या कंपनीच्या मालकीचे देशात एकूण किती डबे आहेत त्या प्रमाणात असतं, असा आमच्या लोकांत एक सिद्धांत आहे. त्यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. पेनसिल्व्हेनिया ही डब्यांच्या बाबतीत अवाढव्य कंपनी, म्हणून माझ्याकडे तिचे डबे जास्त. त्यात आवडनिवड नाही, गणित आहे. हे मी अप्पांना सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी भरताचं वांगं निवडावं तसा डबा उलटा केला.

इथे मला हुंदका आवरावा लागला. मालडब्याच्या पोटाखाली काय काय असतं, हे जाणून घेण्याची इच्छा आजवर एकाही पाहुण्याला झाली नव्हती. आणि खरी मेहनत तिथेच असते! जुन्या 'के' पद्धतीच्या ब्रेकमध्ये सिलिंडर आणि हवेची टाकी एकाला एक चिकटलेली असे. 1933पासून नव्या डब्यांना 'एबी' ब्रेक आला आणि सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन वेगळे भाग झाले. त्यांना जोडणाऱ्या नळ्या, लोखंडी दांडे, तरफा हे सगळं मी पितळी तारेतून घडवतो. 80 नंबरचं ड्रिल असतं, जाडी 0.34 मिलिमीटर. ते हातानेच फिरवायचं. शिंक आली तर मोडतं. आणि एवढं करून डबा रुळावर ठेवला की यातलं काही म्हणजे काहीही दिसत नाही.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, डबा नाकाशी नेला आणि नखाने नळीचा माग काढायला लागले. "हा ट्रेन पाईप. इथून ब्रँच पाईप. हा डर्ट कलेक्टर... वा. हा सिलिंडर, हा रिझर्व्हॉयर. म्हणजे हा तुमचा डीव्ही, डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह."

"बरोबर, अप्पा! अगदी बरोबर!"

"स्लॅक ॲडजस्टर कुठाय?"

"तो त्या काळात इकडच्या मालडब्यांना सहसा नसायचा."

"मग ब्रेक ब्लॉक झिजले की पिस्टनचा स्ट्रोक कोण ॲडजस्ट करणार? तू?"

मी म्हणालो, यार्डातली माणसं हातानेच करत. अप्पांनी 'हं' केलं. रेल्वेतल्या वरिष्ठांचं 'हं' ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना जास्त सांगायला नको. त्यात मेमोची पहिली ओळ असते.

मग त्यांनी डबा सुलटा करून छप्पर पाहिलं. "या वर फळ्या कसल्या?"

"रनिंग बोर्ड. ब्रेकमन छपरावरून चालत जाऊन हँडब्रेक फिरवायचे."

"चालत्या गाडीवर?"

"हो."

"लाइन कुठली म्हणालास?"

"हीच की. आपल्या एडिसनवरूनच जाते. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन."

"तिला वर वायर आहे. काल स्टेशनवर बघितली."

"1935 सालीच इलेक्ट्रिफाय केली होती. 11,000 व्होल्ट."

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. जणू ती माणसं मीच वर चढवली होती. "वर ओएचईची वायर, खाली पत्र्याचं छप्पर, मध्ये माणूस. आणि हे आम्हाला सेफ्टी शिकवतात." 1966मध्ये नव्या डब्यांवर ही फळी बसवायची सक्ती उठली, असं मी सांगून पाहिलं. ते अप्पांपर्यंत पोचलं नाही. ते रंगाकडे वळले होते.

रंगावर मी एरवी कुणाशी बोलत नाही, कारण रंगाच्या विषयात मैत्री टिकत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या मालडब्यांचा जो तांबूस तपकिरी रंग होता, त्याचं नाव 'फ्रेट कार कलर'. आता यातून बाटलीतला कुठला रंग घ्यायचा ते माणसाने कसं ओळखावं? जुने रंगीत फोटो बघावेत तर निम्मे विटलेले, उरलेले संध्याकाळच्या उन्हातले. प्रदर्शनात एकदा एका गृहस्थाने डोक्यावरचं भिंग डोळ्यांवर ओढून माझ्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि "1953ला हा जरा जास्त लाल वाटतो" एवढं बोलून ते पुढे गेले होते. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. अप्पांची हरकत मात्र पार वेगळ्या दिशेने आली.

"रंग व्हॅक्यूम ब्रेकच्या वाघिणीचा आणि ब्रेक एअरचा? असं कसं? एअर ब्रेकची वाघीण ऑलिव्ह ग्रीन पाहिजे."

"अप्पा, ते भारतात. इकडे सगळेच एअर ब्रेक. वेस्टिंगहाउसच इकडचा."

"मग कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"एअर आहे की व्हॅक्यूम आहे ते."

हे संभाषण आणखी लांबलं. ते देत नाही, मलाच त्रास होतो.

मग त्यांना तारीख सापडली. रिकाम्या डब्याचं वजन पुन्हा करून ते कधी केलं याचा महिना-साल डब्यावर रंगवत असत. माझ्या डब्यावर ती अक्षरं खसखशीच्या दाण्याएवढी आहेत. भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. अप्पांनी वाचली. "11-52. ही पीओएचची, पिरिऑडिक ओव्हरहॉलची तारीख?"

"नाही, वजनाची. पण आपल्या पीओएचसारखंच काहीसं."

"मग ओव्हरड्यू आहे."

"नाही ना. इथे आत्ता 1953चा ऑक्टोबर चालू आहे."

जिन्यावर चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली बायको हे ऐकून तिथेच थांबली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, तिने अप्पांकडे पाहिलं. घरात आजारी माणूस असला की जाणती मंडळी अशी एकमेकांकडे बघतात. पुढची सगळी तपासणी तिने तिसऱ्या पायरीवर बसून पाहिली. चहा पीत. माझा चहा.

आता मुख्य मुद्दा. एक्स 29 डब्यांचे पत्रे खालच्या कडेने गंजायचे. कंपनीने मग तळाशी नव्या पत्र्याचे पॅच मारले. माझा डबा असा पॅच मारलेला आहे. पॅचची कड कागदाहून पातळ, त्यावर रिव्हेट्सची नवी ओळ, रंगात किंचित फरक. हे मी कुणाला दाखवत नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल, असा माझा बाणा आहे. आजवर कुणालाही दिसलेलं नाही, त्या भिंगवाल्यालासुद्धा नाही. अप्पांचा अंगठा तिथे जाऊन थांबला. "हा पत्रा गंजलाय."

माझा आवाज घोगरा झाला. "हो!"

"पॅच मारलाय."

"हो, अप्पा!"

"कुणी पास केला?"

बघा ना. इतकी वर्षं मी याच माणसाची वाट पाहत होतो, ज्याला सगळं दिसेल. तो आला, त्याला सगळं दिसलं, आणि जे जे मी जीव ओतून हुबेहूब केलं होतं ते ते त्याने दोष म्हणून टिपून घेतलं. प्लॅस्टिकचा झिलईदार तयार डबा हातात दिला असता तर अप्पांनी डोळे झाकून फिट दिला असता!

"धूळ-पाणी आत जाणार. सिमेंट लोड करायचं नाही यात," असं म्हणत अप्पांनी कोपऱ्यातली पायरी चिमटीत धरून हलवली. यार्डात तशीच हलवून बघायची पद्धत असावी. यार्डातली पायरी लोखंडाची असते. माझी रेझिनची होती. बारीक टक् आवाज आला. अप्पांनी जागा पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "फूटस्टेप मिसिंग."

फूटस्टेप त्यांच्या बोटांत होती.

"अप्पा, ती तुमच्या हातात आहे."

"म्हणजे लूज होती," ते म्हणाले. "खडू दे."

खडू नव्हता, पण टेबलावर पांढरी पेन्सिल होती. त्या काळात अमेरिकन यार्डातले कारकूनही डब्यांवर खडूने खुणा करून ठेवत आणि त्या बारीक खुणा मी याच पेन्सिलीला टोक काढून करतो. अप्पांनी ती उचलली आणि भर दारावर 'सिक' लिहिलं, खाली तारीख, खाली सही. एकेक अक्षर सेंटिमीटरभर. 87ने गुणा, म्हणजे मूळ डब्यावर सुमारे तीन फुटी अक्षरं. आणि तारीख चालू सालची! माझ्या 1953वर!

बायको टाळ्या वाजवत होती. संध्याकाळपर्यंत शेजारचं अख्खं घर येऊन 'सिक' बघून गेलं. हसून हसून पोरांच्या डोळ्यांत पाणी. याच पोरांना मी मागे बोलावलं होतं तेव्हा "काका, हे चालतं का नुसतं?" असं विचारून ती फोनमध्ये शिरली होती. माझा मुलगा म्हणाला, पायरी थ्रीडी प्रिंट करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. त्याला कोण सांगणार, की हे रेझिनचे किट बनवणारी माणसं बहुतेक एकटीदुकटी, घरच्या गॅरेजात साचे ओतणारी, पंचाहत्तरी गाठलेली. एक माणूस थकला की डब्यांचं अख्खं घराणं बंद होतं. डब्यावरच्या अक्षरांचे कागद मी दोन-दोन घेऊन ठेवतो, कारण पुढच्या वर्षी ते मिळतील याची खात्री नाही. त्यातही पेनसिल्व्हेनियाचं वर्तुळातलं बोधचिन्हच हवं. नुसतं सावलीवालं आलं 1954मध्ये, ते माझ्याकडे चालत नाही. जवळचं छंदाचं दुकान गेलं, तिथे आता बबल टी मिळतो. आठ तास क्रिकेट बघणाऱ्याला कुणी 'कशासाठी?' असं विचारत नाही. मला दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे विचारतात. बरं, जाऊ दे.

सोमवारी मित्राचा मुलगा एक कागद देऊन गेला. वहीचं पान, पट्टीने आखलेलं. वर 'ब्रेक पॉवर सर्टिफिकेट'. इंजिन नंबर, एकूण वाघिणी, पैकी सिक एक. गार्डच्या जागी नातवाची सही. ड्रायव्हरच्या जागी माझं नाव आणि शेरा, 'चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा'. हे सर्टिफिकेट अपूर्ण असून सिक वाघीण फिट होईपर्यंत गाडी सोडू नये, असं तळाशी लिहिलं होतं. बायकोने ते फ्रीजवर लावलं. मंगळवारी मी गाडी सोडायला स्विचकडे हात नेला तर वरून तिचा आवाज आला, "अप्पांना विचारलंस का?"

पायरी मी पुन्हा बसवली आहे. पेन्सिल पुसली तर खालची खरी धूळही जाईल, म्हणून ती तशीच आहे. शनिवारी अप्पा फेरतपासणीला येणार आहेत आणि सोबत पलीकडच्या गल्लीत मुलीकडे आलेले नागपूरचे एक निवृत्त ट्रॅफिक इन्स्पेक्टरही असणार आहेत. कारण माझ्या सिग्नलला लाल-हिरवा दिवाच नाही, सगळे पिवळे आहेत, हे अप्पांनी जाता जाता हेरलं होतं. पेनसिल्व्हेनियाचे सिग्नल तसेच होते. पिवळ्या दिव्यांच्या ओळी, आडवी ओळ म्हणजे थांबा, उभी म्हणजे जा, तिरपी म्हणजे जपून. हे मी फोनवर नीट समजावून सांगितलं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तू साहेबांना लेखी दे," ते म्हणाले.